चढाईचा हिशेब, उताराची वसुली

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या चालीला किती वेळ लागेल याचा एक साधा ठोकताळा लिहून ठेवला. दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि चढाव्या लागणाऱ्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. मेट्रिक मापात मांडले तर ६०० मीटर चढाई म्हणजे जवळपास पाच किलोमीटर सपाटी, अर्थात एक मीटर उंचीला सुमारे आठ मीटर अंतराचा भाव. सव्वाशे वर्षांनंतरही हा भाव फारसा बदललेला नाही. ट्रेल रनिंगच्या शर्यतींची वर्गवारी करणारी ‘इट्रा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना शर्यतीच्या किलोमीटरमध्ये दर १०० मीटर चढाईमागे एक किलोमीटर मिळवते. तिथे भाव एकास दहा. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी ‘यूटीएमबी’ ही शर्यत सुमारे १७१ किलोमीटरची आणि १०,००० मीटर चढाईची आहे. या हिशेबाने ती २७१ किलोमीटरची ठरते. डोंगरात धावणाऱ्याच्या सरावाच्या वहीत नुसते किलोमीटर लिहिलेले असतील तर ती वही खरे बोलत नाही, हे एवढ्यावरूनच कळते. आठवड्याला ६० किलोमीटर सपाट रस्त्यावर धावलेला माणूस आणि तेच ६० किलोमीटर गडांच्या सोंडांवरून चढून-उतरून आलेला माणूस यांच्या पायांनी एकसारखे काम केलेले नसते.

इथवर कुणाचा वाद नाही. वाद पुढे आहे. घड्याळात दिसणारा ‘एलिव्हेशन गेन’चा आकडा, म्हणजे चढलेल्या मीटरांची बेरीज, सरावात नेमकी कशासाठी मोलाची आहे? बहुतेक धावक उत्तर देतात की चढामुळे दम वाढतो आणि पाय मजबूत होतात. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. चढाईच्या आकड्याचे सर्वात मोठे मोल चढात नसून त्याच्या जोडीने येणाऱ्या उतारात आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. त्यासाठी आधी ऊर्जेचा हिशेब मांडावा लागेल.

२००२ साली अल्बर्टो मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी शर्यतींत मुरलेल्या दहा धावकांना ट्रेडमिलवर चालवले आणि धावायला लावले. ट्रेडमिलचा कल वर ४५ टक्क्यांपर्यंत आणि खालीही ४५ टक्क्यांपर्यंत बदलत नेला. (४५ टक्के कल म्हणजे १०० मीटर आडवे जाताना ४५ मीटर उंची.) श्वासातल्या ऑक्सिजनवरून शरीराचा खर्च काढला. सपाटीवर धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर मीटरला सुमारे ३.४ ज्यूल लागले. ४५ टक्के चढावर हा खर्च जवळपास १९ ज्यूलवर गेला. उतारावर मात्र खर्च घटत गेला आणि उणे २० टक्क्यांच्या आसपास तळ गाठून सपाटीच्या निम्म्यावर, सुमारे १.७ ज्यूलवर आला. त्याहून तीव्र उतारावर तो पुन्हा वाढू लागतो, कारण तिथे शरीराला पुढे जाण्यापेक्षा स्वतःला आवरण्यातच जास्त कष्ट पडतात.

मिनेटींनी या मोजमापांवरून जे समीकरण बसवले ते वापरून एक गणित करून पाहण्यासारखे आहे. १,००० मीटर चढून तितकेच उतरायचे आहे असे समजा. वाट १० टक्के कलाची असेल तर दहा किलोमीटर चढ आणि दहा किलोमीटर उतार. चढावर खर्च सपाटीच्या दीडपटीहून जास्त होतो, पण उतारावर बरीच सूट मिळते, आणि एकूण वीस किलोमीटरचा खर्च सपाटीवरच्या सुमारे साडेबावीस किलोमीटरइतका भरतो. वाट २० टक्के कलाची असेल तर पाच किलोमीटर चढ, पाच किलोमीटर उतार, आणि एकूण खर्च सपाटीच्या पंधरा किलोमीटरइतका. म्हणजे एकाच १,००० मीटरच्या आकड्याने एकदा अडीच किलोमीटरची भर घातली आणि एकदा पाचाची. आकडा तोच, भार वेगळा. चढाईची बेरीज कलाशिवाय सांगणे किती अपुरे आहे हे यातून दिसते. पण माझ्या मते यातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ऊर्जेच्या हिशेबाने १,००० मीटर चढाई म्हणजे अडीच ते पाच किलोमीटरची भर, तर नेस्मिथ आणि ‘इट्रा’ यांच्या हिशेबाने ती आठ ते दहा किलोमीटरची. हे दोन्ही हिशेब वास्तवावरच बेतलेले आहेत. मग मधली तफावत जाते कुठे?

ती उतारात जाते. प्रयोगशाळेतला पट्टा उतारावर सूट देतो. डोंगरातला माणूस ती सूट वसूल करू शकत नाही. नेस्मिथने तर उताराला सूट दिलीच नव्हती. २० टक्के उतारावर खर्च सपाटीच्या निम्म्यावर येतो, याचा कागदावरचा अर्थ असा की सपाटीवर पाच मिनिटांत किलोमीटर धावणारा माणूस तितकाच दम वापरून तिथे अडीच मिनिटांत किलोमीटर धावेल. ही गती ५,००० मीटरच्या विश्वविक्रमी धावेच्या तोडीची आहे. जोशुआ चेप्टेगेई २०२० साली मोनॅकोत १२ मिनिटे ३५ सेकंदांत धावला तेव्हा त्याचा किलोमीटर साधारण दोन मिनिटे एकतीस सेकंदांचा होता. मुरमाड, घसाऱ्याच्या पायवाटेवर या गतीने कोणीही हौशी धावक उतरत नाही आणि उतरूही नये. उतारावर माणसाला थांबवतात ते त्याची छाती किंवा हृदय नव्हे, तर मांड्या, गुडघे, घोटे, नजर आणि भीती. छातीत दम शिल्लक असतो, पण पाय तो खर्च करू देत नाहीत. ही न वसूल झालेली सूट थोडी थोडी वसूल करायला शिकणे, हेच चढाईच्या सरावाचे खरे उत्पन्न आहे.

असे का होते हे कळायला स्नायूंच्या कामाकडे पाहावे लागते. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत आखडत जोर लावतात. उतरताना तेच स्नायू जोर लावत असतात, पण त्याच वेळी ताणले जात असतात. पाय टेकला की गुडघा वाकू पाहतो आणि स्नायू त्याला लगाम घालत हळूहळू लांब होतात. या ताणत्या आकुंचनाला ऊर्जा कमी लागते, म्हणून धाप लागत नाही. पण दर तंतूवर येणारा यांत्रिक भार मोठा असतो आणि तंतूंच्या आतली बारीक रचना त्यात विस्कटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात ते यामुळे, आणि त्याबरोबर स्नायूंची ताकदही काही दिवस घसरलेली राहते. जमिनीकडून येणारा धक्काही वाढतो. जिंजर गॉटशॉल आणि रॉजर क्रॅम यांनी २००५ साली ही बले मोजली. सेकंदाला तीन मीटर वेगाने नऊ अंशांच्या उतारावर धावताना पाय टेकतानाचा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि मागे खेचणारे ब्रेकचे बल ७३ टक्क्यांनी वाढलेले आढळले. चढावर मात्र धक्का सपाटीपेक्षाही कमी. लांब शर्यतीत पन्नासाव्या किलोमीटरनंतर धावक चढावर लय धरून चालत असतो आणि उतार आला की कठड्याचा आधार शोधत आडवा उतरतो, हे दृश्य म्हणूनच इतके सर्वसाधारण आहे.

सुदैवाने शरीर या नुकसानीतून फार लवकर शिकते. एकदा उताराने मांड्या भरून आल्या की पुढच्या काही आठवड्यांत तसाच उतार उतरल्यावर दुखणे आणि ताकदीची घट दोन्ही पुष्कळ कमी होतात. पहिला मारा सौम्य असला तरी हे संरक्षण मिळते. यामागे मज्जासंस्थेचा वाटा किती आणि स्नायूंच्या रचनेचा किती यावर चर्चा चालू आहे, पण रचनेच्या बाजूने एक सुंदर पुरावा आहे. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या लिन आणि मॉर्गन यांनी उंदरांचे दोन गट केले. एक चढत्या ट्रेडमिलवर धावला, दुसरा उतरत्या. नंतर मांडीच्या एका स्नायूतले तंतू तपासले तेव्हा उतारावर धावलेल्या उंदरांच्या तंतूंत सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारे सूक्ष्म दुवे, अधिक भरले. जास्त दुवे असलेला तंतू ताणला गेला तरी दर दुव्याच्या वाट्याला ताण कमी येतो. माणूस उंदीर नाही हे खरे, आणि एका स्नायूवरून साऱ्या शरीराचे सांगता येत नाही. तरी चढ आणि उतार हे स्नायूला दोन वेगळे धडे देतात आणि एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही, एवढे यातून ठामपणे म्हणता येते.

उलट बाजूला, चढाचेही स्वतःचे शिक्षण आहेच. कोलोराडो विद्यापीठात निकोला जिओव्हानेली, क्रॅम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘व्हर्टिकल किलोमीटर’ या शर्यतीच्या अनुषंगाने एक प्रश्न विचारला: ठरावीक उंची ठरावीक वेळात गाठायची असेल तर वाट किती उभी असावी? पंधरा डोंगरी धावकांना चाळीस अंशांच्या जवळपास उभ्या होणाऱ्या खास ट्रेडमिलवर चढवून पाहिले. सर्वात कमी ऊर्जा लागली ती साधारण २० ते ३५ अंशांच्या चढावर. त्याहून सौम्य किंवा त्याहून उभ्या चढावर खर्च वाढला. आणि सोळा-एक अंशांपासून पुढे चालणे हे धावण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के स्वस्त पडले. स्वित्झर्लंडच्या फुली गावात जुन्या केबल रेल्वेच्या मार्गावरून दोन किलोमीटरपेक्षाही कमी अंतरात १,००० मीटर चढायची शर्यत होते. तिथे उर्बान झेमर या इटालियन धावकाने २०१४ साली ही उंची पहिल्यांदा तीस मिनिटांच्या आत गाठली. इतक्या उभ्या वाटेवर एवढा कमी वेळ लागतो यामागे हेच शास्त्र आहे. आपल्याकडे याचा सरळ अर्थ असा की उभ्या सोंडेवर ‘चालायचे नाही, धावायचेच’ असा हट्ट धरणारा धावक शौर्य दाखवत नाही, फक्त ऊर्जा उधळतो. हातांनी मांड्या दाबत, दमदार पावले टाकत चढणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते सपाट रस्त्यावर कितीही किलोमीटर केले तरी येत नाही.

हे सगळे खरे असेल तर मोठ्या शर्यतींच्या निकालांत त्याची चाहूल लागायला हवी. अमेरिकेचा जिम वॉल्म्सली याचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. कॅलिफोर्नियातली ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शंभर मैलांची शर्यत त्याने २०१९ साली १४ तास ९ मिनिटांत, विक्रमी वेळेत जिंकली. त्या वाटेवर चढ सुमारे ५,५०० मीटर आणि उतार सुमारे ७,००० मीटर. म्हणजे किलोमीटरमागे चढ चौतीस मीटरच्या घरात. ‘यूटीएमबी’त तो आकडा अठ्ठावन्नच्या घरात जातो. तिथे हाच धावक २०१७ साली पाचवा आला, २०१८ आणि २०२१ साली शर्यत पूर्ण करू शकला नाही. २०२२ साली तो फ्रेंच आल्प्समधल्या बोफोर्तँ भागात राहायला गेला, हिवाळ्यात स्कीवरून डोंगर चढण्याचा सराव करू लागला, त्या वर्षी चौथा आला आणि २०२३ साली १९ तास ३७ मिनिटांत पहिला. ‘यूटीएमबी’ जिंकणारा तो पहिला अमेरिकन पुरुष. एका माणसाच्या कहाणीवरून सिद्धांत सिद्ध होत नाही. दरम्यान त्याचा अनुभव वाढला, खाण्यापिण्याचे गणित बसले, आणि त्या वाटेची ओळखही झाली. पण सपाटीवरचा वेग त्याच्याकडे आधीपासून भरपूर होता, कमी होती ती त्या वाटेच्या प्रमाणातल्या चढ-उताराची, हे मानायला पुष्कळ जागा आहे.

इथे ‘प्रमाण’ हा मुद्दा नीट पाहायला हवा, कारण चढाईच्या बेरजेपेक्षा तो जास्त उपयोगी आहे. आठवड्याला २,००० मीटर चढलो हे वाक्य अपुरे आहे. किती किलोमीटरमध्ये, हे सांगितले की ते पूर्ण होते. पुण्याच्या धावकांची हक्काची व्यायामशाळा म्हणजे सिंहगड. आतकरवाडीतून गडावर जाणारी पायवाट अडीच-तीन किलोमीटरमध्ये सुमारे ६०० मीटर चढते. वर जाऊन खाली आले की किलोमीटरमागे शंभर मीटरपेक्षा जास्त चढाई पदरात पडते. ‘यूटीएमबी’च्या जवळजवळ दुप्पट. म्हणून सिंहगडाच्या फेऱ्या हा उत्तम सराव आहे, पण तो कशाचा सराव आहे हे ओळखले पाहिजे. सिंहगड, राजगड आणि तोरणा अशी गडांची साखळी जोडणाऱ्या ‘एसआरटी अल्ट्रा’सारख्या शर्यतीत उभे चढ-उतार असतात, पण त्यांच्यामध्ये धावत जाण्याजोगे लांब पट्टेही येतात. ज्याने फक्त उभ्या वाटेवर फेऱ्या मारल्या तो या पट्ट्यांवर मागे पडतो, कारण दमलेल्या पायांनी पुन्हा धाव पकडायची सवय त्याला नसते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन तर डांबरी रस्त्यावरची. पहिल्या अर्ध्यात यवतेश्वरचा घाट चढायचा, दुसऱ्या अर्ध्यात तोच उतरायचा. कल सौम्य, त्यामुळे चढ सलग धावावा लागतो आणि उतारावर खरोखर वेग घेता येतो. मिनेटींनी मोजलेली सूट वसूल करायची सर्वात चांगली संधी अशाच रस्त्यावर मिळते. तिथे सिंहगडाच्या पायवाटेवर मिळवलेले मीटर कामी येतील, पण अर्ध्याच किमतीला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुन्या प्रशिक्षकांचा असतो: डोंगरात जास्त धावल्याने पाय जड होतात, वेग मरतो. इतिहास याच्या बाजूने उभा राहत नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या धावकांना ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगररांगेतल्या बावीस मैलांच्या चढ-उताराच्या वाटेवर नियमाने नेत, आणि त्यांच्या आखणीत डोंगरावरच्या उड्यांचा एक स्वतंत्र टप्पाच होता. त्या वाटेवर घडलेल्या पीटर स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्ण जिंकले. ८०० मीटरची शर्यत वेगाशिवाय जिंकता येत नाही. अलीकडे न्यूझीलंडमध्येच बार्न्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली वीस धावकांना सहा आठवडे वेगवेगळ्या तीव्रतेचे चढाचे इंटरव्हल दिले तेव्हा ५ किलोमीटरच्या वेळेत सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास सुधारणा दिसली. वीस माणसांवरच्या अभ्यासावर फार मोठा इमला बांधू नये, पण ‘चढाने वेग मरतो’ याला तरी त्यात आधार नाही. या आक्षेपात तथ्याचा एक कण आहे तो असा की सतत मंद गतीने, लांब चढ चालत राहिलेल्या धावकाचे पाय वेगाने उचलले जाणे विसरतात. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यात एखादी सपाटीवरची जलद धाव राखणे. डोंगर सोडणे नव्हे.

दुसरा आक्षेप मुंबईकराचा, आणि तो न्याय्य आहे. मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरचा पेडर रोड हा जिथे सगळ्यांच्या धास्तीचा चढ असतो, तिथे ६०० मीटर चढाई आणायची कुठून? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची वाट सोडली तर शहरात उंची दुर्मीळ. मग माणूस ट्रेडमिलवर जातो किंवा इमारतीचे जिने चढतो. ट्रेडमिल १५ टक्क्यांवर ठेवून चार किलोमीटर चालले की जवळपास ६०० मीटर होतात, म्हणजे कागदावर एक सिंहगड. हृदय आणि फुप्फुसांना तो खरोखरच सिंहगड आहे, पोटऱ्यांनाही. पण या सिंहगडावरून कोणी उतरत नाही. वीस मजली इमारतीचा जिना चढून लिफ्टने खाली येणाऱ्याचेही तेच. इथे घड्याळातला आकडा सर्वात जास्त फसवतो, कारण तो फक्त चढ मोजतो आणि उतार आपोआप आला असेल असे गृहीत धरतो. मुंबईच्या धावकाने लिफ्टचा मोह टाळून जिना पायी उतरावा. पहिल्या आठवड्यात दोनच फेऱ्या, मग हळूहळू वाढ, कारण जिन्यावरचा उतार मांड्यांना डोंगराइतकाच लागतो. त्याला वळणे, दगड, घसरण यांची जोड नसते, म्हणून महिन्यातून एकदा तरी कर्जत-लोणावळ्याच्या बाजूचा एखादा खरा डोंगर गाठायला हवा. महिन्यातून एकदा ही सवलत वाटेल, पण उताराचे संरक्षण काही आठवडे टिकते हे लक्षात घेतले तर ती पुरेशी ठरू शकते.

तिसरा आक्षेप मोजणीवर आहे. एकाच वाटेवरून एकत्र गेलेल्या दोघांच्या घड्याळांत चढाईचे आकडे वेगळे येतात, मग अशा आकड्यावर सराव कसा बेतायचा? चढाईची बेरीज ही मुळातच निसरडी राशी आहे. किती लहान चढउतार मोजायचे यावर ती अवलंबून असते. प्रत्येक दगडाची उंची मोजली तर बेरीज फुगते, फार गुळगुळीत केली तर आकसते. त्यात साधनांचे दोष. हवेच्या दाबावरून उंची काढणारे घड्याळ चांगले, पण समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाब बदलला की त्याला आठ-साडेआठ मीटर उंची बदलल्यासारखी वाटते. आपल्या पट्ट्यात हवामान शांत असतानाही दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो; फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे घड्याळ बांधून ओट्यावर बसून राहिलेला माणूसही दुपारपर्यंत पंचवीस-तीस मीटर ‘चढतो’. पावसाळ्यात घड्याळाचे बारीक छिद्र पाण्याने बुजले की आणखी गोंधळ. उपग्रहाने दिलेले स्थान नकाशातल्या उंचीशी जुळवणाऱ्या पद्धतीचा सह्याद्रीत वेगळाच घोटाळा होतो. कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट असेल आणि स्थान वीस मीटर इकडे-तिकडे झाले, तर नकाशा धावकाला क्षणात कड्यावर आणि क्षणात दरीत नेऊन ठेवतो आणि सपाट वाटेवर शेकडो मीटर चढाई जमा करतो. तरी यावरून आकडा टाकून द्यावा असे ठरत नाही. एकच माणूस, एकच घड्याळ, त्याच त्या वाटा असतील तर चूकही बरीचशी सारखी राहते, आणि गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात वाढ झाली की घट, एवढे त्यातून नक्की कळते. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात मात्र काहीच अर्थ नाही. ज्या अॅपवर सगळे आपापली चढाई मिरवतात तिथे नेमके तेच होत असते.

चौथा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. तो असा की हे सगळे सोडा, पायांवर किती तास होतात ते मोजा. चढ असो की सपाटी, वेळ सगळे सामावून घेतो. वेळ हे माप खरोखर चांगले आहे. चढाच्या वाटेवर वेग आपोआप मंदावतो आणि तास आपोआप वाढतात, म्हणून किलोमीटरइतका खोटेपणा त्यात नाही. शिवाय आकड्याची हाव त्यात कमी असते. महिन्याला अमुक हजार मीटर ‘पूर्ण’ करण्यासाठी शेवटच्या रविवारी दुखऱ्या टाचेने गड चढणारे धावक कमी नाहीत; उभ्या चढावर पोटरी आणि टाचेची शीर यांच्यावर जो ताण येतो तो पाहता ही हाव महाग पडते. पण वेळ एक गोष्ट सांगू शकत नाही: त्या वेळात मांड्यांनी कोणते काम केले. तीन तास चढून-उतरून आलेला आणि तीन तास कालव्याच्या काठाने धावलेला यांच्या वहीत एकच नोंद पडते, आणि शर्यतीच्या चाळिसाव्या किलोमीटरला त्यांच्यातला फरक बाहेर येतो. म्हणून तास हा मुख्य हिशेब आणि किलोमीटरमागची चढ-उतार ही त्याच्या शेजारची दुसरी ओळ, असे मानणे मला योग्य वाटते. शर्यतीत किलोमीटरमागे पन्नास मीटर चढाई असेल तर सरावाच्या लांब धावांत ती हळूहळू त्याच्या जवळ नेत जायची. आठवड्याच्या प्रत्येक धावेत ती गाठायची गरज नाही.

उतार कधी आणि किती, याला मात्र पंचांगाचे बंधन आहे. मांड्या मोडणारा शेवटचा लांब उतार शर्यतीच्या साधारण दोन-तीन आठवडे आधी घ्यावा. त्याहून जवळ घेतला तर घसरलेली ताकद पुरती भरून येत नाही, फार आधी घेतला तर संरक्षण विरू लागते. सह्याद्रीत हे पावसाशीही जुळवावे लागते. जून ते सप्टेंबर चढायला हवा सुखद असते, पण शेवाळलेल्या कातळावर आणि चिखलाच्या दांडावर कोणी वेगाने उतरू शकत नाही. उतरावे असे म्हणणाऱ्याच्या नादीही लागू नये. त्या चार महिन्यांत चढाई भरपूर जमते आणि उतार मात्र रांगत पार पडतो. थंडीतल्या शर्यतींची तयारी करणाऱ्यांच्या वहीत त्यामुळे सप्टेंबरअखेर चढाईचे आकडे भरगच्च दिसतात, आणि उताराचा सराव जवळजवळ कोरा असतो. वाटा वाळल्या की ऑक्टोबरच्या उन्हातही, पहाटे लवकर निघून, उताराकडे वळायला हवे: आधी घाटातल्या डांबरी रस्त्यावर सौम्य कलाने, मग मुरमाच्या पायवाटेवर छोट्या टप्प्यांत, पावले आखूड आणि झटपट ठेवून, नजर दोन-तीन पावले पुढे ठेवून. डिसेंबरच्या शर्यतीसाठी उताराची खरी मुदत जेमतेम सात-आठ आठवड्यांची असते, आणि त्यातले पहिले दोन मांड्या दुखण्यात जातात.